आधी धुराडं

जपानमधल्या त्सुकुबातले आमचे शेजारी, सत्तरी ओलांडलेले आजोबा, कुठलीही वस्तू बोटाच्या पेराने ठोकायचे आणि कान देऊन ऐकायचे. कलिंगड, कुंपणाची फळी, एकदा तर माझ्या सायकलचं मडगार्डसुद्धा. बोलणं मोजकंच. पुष्कळदा नुसतं "मात्ते", म्हणजे थांबा.

मोठ्या भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी वीज नव्हती, पाणी नव्हतं. नवरा कामासाठी गेलेला, तो ओसाकात अडकला होता. आठ महिन्यांच्या लेकीचे पाय गार पडले, तशी मी तिला घेऊन आजोबांकडे गेले. त्यांच्या बैठकीत लाकडं जाळायची लोखंडी शेगडी होती.

त्यांनी आम्हाला घोंगडी दिली, पण शेगडी काही पेटवेनात.

"आजोबा, बाळ गारठलंय हो," मी मोडक्या जपानीत विनवलं.

"मात्ते. आधी धुराडं."

स्टुलावर चढून ते धुराड्याचा एकेक सांधा ठोकत राहिले. मला भयंकर राग आला. तिसऱ्या सांध्यापाशी ते थबकले. तिथली नळी निखळली होती. सगळा धूर खोलीतच कोंडला असता.

त्यांनी ती नीट बसवली, स्क्रू आवळले, मग ढलप्या रचून काडी ओढली. लाकडं तडतडू लागली. लेकीने आवळलेल्या मुठी हळूहळू सोडल्या आणि ती झोपली. मला रडूच फुटलं.

आजोबांनी शेगडीजवळ आपली उशी सरकवली.

"तुम्हीही झोपा," ते म्हणाले, "आगीकडे मी बघतो."

आणि आदल्या दुपारपासून पहिल्यांदाच मी डोळे मिटले.