उताणे आणि पालथे

कोविड वॉर्डात काम केलेले डॉक्टर एकत्र बसले की दहा मिनिटांत किस्से सुरू होतात. आम्ही चौघं अधूनमधून मांजरसुंब्याच्या धाब्यावर जमतो, आणि प्रत्येकाकडे इतकं साठलंय की समोरची शेवभाजी गार होऊन जाते. बाजूच्या टेबलावरच्यांना वाटत असेल, काय मजा केलीय ह्यांनी! रडून झालंय म्हणून हसतो, एवढंच. माझे सगळे किस्से एकाच ट्रायलचे आहेत.

ट्रायल साधी होती. दम लागलेला पेशंट शुद्धीवर असतानाच पालथा झोपला, तर त्याला ऑक्सिजन कमी लागतो का? अर्ध्या पेशंटना रोज काही तास पालथं झोपवायचं, अर्ध्यांना काहीच सांगायचं नाही, आणि शेवटी तुलना करायची. कोण कुठल्या गटात, ते बंद पाकीट ठरवणार. त्या दिवसांत सिलिंडरची गाडी निघाली असं कळलं तरी ती पोचेपर्यंत कुणाच्या जिवात जीव नसायचा. फुकटातला हा उपाय खरंच लागू पडतो का, हे मला मनापासून जाणून घ्यायचं होतं. म्हणून पुण्याच्या एका प्रोफेसरांनी विचारलं, तेव्हा मी लगेच हो म्हणाले.

*

पहिली झूम मीटिंग. सर म्हणाले, "दोन्ही गट वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा."

मी म्हणाले, "सर, आमच्याकडे खोली एकच आहे. होस्टेलची मेस होती, तिचंच कोविड सेंटर केलंय."

सर म्हणाले, "मग मध्ये पडदा लावा."

आम्ही आठ चादरी जोडून पडदा लावला. सकाळी लावला आणि दुपारी बघते तर वर गुंडाळून सुतळीनं बांधलेला! पंखे सगळे एकाच बाजूला होते, आणि पलीकडच्यांना वारा लागत नव्हता. पडदा बांधणारा माणूस ऑक्सिजनवर होता. नळी नाकात तशीच ठेवून स्टुलावर चढला होता.

मी सरांना कळवलं, "पडदा आहे, सर." खोटं नव्हतं ते.

*

दुसऱ्या मीटिंगला सरांनी नवीन मुद्दा काढला. बोटाला मशीन लावून ऑक्सिजन मोजणाऱ्या सिस्टरला पेशंट कुठल्या गटातला आहे हे कळता कामा नये. कळलं तर मोजताना मन झुकतं.

आमच्या सिस्टर वीस वर्षं नोकरी केलेल्या. त्या माझ्या मागे उभ्या राहून ऐकत होत्या. पुढे वाकून म्हणाल्या, "सर, माणूस पालथा पडलेला मला दिसनार न्हाई का? का मी डोळ्याला पट्टी बांधून बोट हुडकू?"

सर म्हणाले, "व्हॅलिड पॉइंट, सिस्टर." आणि तो मुद्दा आम्ही पुढच्या मीटिंगवर ढकलला. पुढच्या मीटिंगला नेट नव्हतं.

*

पाकिटांची बातमी बाहेर जायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी एका पुढाऱ्याच्या माणसाचा फोन. "म्याडम, साहेबांचे पाव्हणे तुमच्याकडं अ‍ॅडमिट हायेत. त्यांना चांगल्या पाकिटातलं द्या."

मी समजावलं, "चांगलं-वाईट असं काही नसतं. कुठलं चांगलं तेच तर शोधतोय. आत काय निघेल ते आमच्याही हातात नाही."

"बरं, बरं. मंग दोन फोडा की!"

मी फोन ठेवला आणि खूप हसले. मग बाथरूममध्ये जाऊन दहा मिनिटं रडले. त्या दिवशी सकाळीच तीन बेड रिकामे झाले होते, आणि घरी जाऊन झाले नव्हते.

*

आता केजचे आप्पा. कापडाचं दुकान, गळ्यात शिवलिंग, आवाज हॉलच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यांचं पाकीट फोडलं तर पालथं झोपायचं निघालं.

"औषध काय हाय?"

"औषध नाही आप्पा. पोटावर झोपायचं."

"आन् हे सांगायला तुमी डॉक्टरकी शिकल्या?"

कुरकुरत झोपले. दोन तासांनी बोटावरचा आकडा बराच वर चढला. आप्पांनी तो आकडा सगळ्या हॉलला ओरडून सांगितला, आणि खिडकीबाहेर उभ्या असलेल्या नातेवाइकांनाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडला गेले, तर अख्खा हॉल पालथा! ह्या गटातले, त्या गटातले, ट्रायलमध्ये नसलेले, सगळे. झाडू मारणारे मामा कोपऱ्यात सतरंजीवर, तेही पालथे. नुसत्या पाठीच पाठी, कोण कुठला पेशंट ते ओळखू येईना.

मी आप्पांवर चिडले. "आप्पा, तुम्ही सगळ्यांना का सांगितलंत? आता तुलना कुणाशी करू मी?"

आप्पा उशीतून तोंड वर काढून म्हणाले, "म्याडम, मला दम घ्यायला जमू लागलं. शेजारचा तडफडतोय. त्याला सांगू न्हाई? कावून?"



त्या सगळ्या पाठींमध्ये एकच माणूस उताणा होता. नेकनूरचे गुरुजी. शाळेतून रिटायर झालेले. पाकिटात त्यांना काहीच न करण्याचा गट आला होता. चार पानांचं संमतीपत्र पूर्ण वाचून सही करणारा पेशंट मी आयुष्यात तो एकच पाहिला.

*

सरांना फोटो पाठवला. संध्याकाळी मीटिंग. सर थकलेले होते, त्यांच्याकडेही माणसं मरत होती. हळूच म्हणाले, "डॉक्टर, दुसरा गट सांभाळा. सगळेच पालथे झोपले तर आपल्याला काहीच कळणार नाही."

मला ते लागलं. इतक्या सह्या, इतकी पाकिटं, आणि शेवटी हातात शून्य? मी दुसऱ्या दिवशी बेडमागून बेड फिरले. दुसऱ्या गटातल्या प्रत्येकाला हात जोडून सांगितलं, "तुम्ही उताणेच झोपा. तुमच्यामुळेच कळणार आहे."

ट्रायलच्या नियमांत, म्हणजे प्रोटोकॉलमध्ये, तसं नव्हतं. कागदावर होतं, पेशंटला सोयीचं वाटेल तसं झोपू द्यावं. ‘उताणेच’ हे मी माझ्या पदरचं घातलं.

सगळे हो म्हणाले. मी दारापर्यंत पोचून मागे वळले, तर सगळे परत पालथे! एकजण तर माझ्याकडे बघून हात हलवत होता. गुरुजी तेवढे छताकडे बघत पडलेले.

त्यांनी मला विचारलं होतं, "म्हंजे आमच्यामुळं पुढच्या मान्साला कळंल, असंच ना?"

"हो, गुरुजी."

"मंग झालं तर."

*

गुरुजींचा बेड आप्पांच्या शेजारीच. आप्पांना ते बघवेना. दिवसभर मागे लागायचे, "गुरुजी, व्हा की पालथे. लई फरक पडतो. मी काय खोटं बोलतो का?"

गुरुजी म्हणायचे, "सही केली हाय मी."

"आरं देवा! हितं कोन बघायलंय तुमची सही?"

"मी बघायलोय न्हवं."

हा किस्सा धाब्यावर सगळ्यांना आवडतो. आमचा भूलतज्ज्ञ मित्र गुरुजींची नक्कलही करतो. मीही हसते. त्या आठवड्यात गुरुजींचा आकडा रोज थोडा थोडा खाली येत होता. मी ऑक्सिजन वाढवला, औषधं सगळी चालू होती, राउंडला दोनदा त्यांच्यापाशी जास्त थांबले. ट्रायलचा फॉर्म भरताना मला बरं वाटायचं, की एक तरी पेशंट आपल्या गटात नीट राहिलाय. हे मी त्या मित्राला कधी बोलले नाही, आज बोलतेय.

आठव्या दिवशी त्यांना मोठ्या दवाखान्यात हलवलं. अँब्युलन्समध्ये चढवताना मास्कमधून म्हणाले, "माझा फारम पुरा करून घ्या."

*

ट्रायल बंद झाली. सरांची मेल आली, दोन ओळींची. गट वेगळे राहिले नाहीत, त्यामुळे निष्कर्ष काढता येत नाही, सर्वांचे आभार. मी ती सिस्टरांना वाचून दाखवली. सिस्टर म्हणाल्या, "म्हंजे पालथं झोपलेलं चांगलं का उताणं?"

"आपल्या कागदांवरून सांगता येत नाही, सिस्टर."

"मंग एवढे दिवस आपन काय केलं?"

आणि मला म्हणाल्या, चहा घ्या.

*

आप्पा बरे होऊन घरी गेले. गुरुजी गेले. मोठ्या दवाखान्यातून फोन आला, तेव्हा मी दुसऱ्या कुणाचं पाकीट फाइलला लावत होते.

चार दिवसांनी गुरुजींच्या बायको आमच्याकडे राहिलेलं सामान न्यायला आल्या. नेकनूरहून एसटीनं, एकट्याच. सिस्टरांनी कापडी पिशवी काढून दिली. त्यात टॉवेल, स्टीलचा पेला, धोतर. काकूंनी प्रत्येक वस्तू बाहेर काढली, घडी केली, परत ठेवली. रडल्या नाहीत. मी खुर्ची पुढे केली तरी बसल्या नाहीत.

मग म्हणाल्या, "डॉक्टरीनबाई, एक इचारू का? राग नका मानू."

"विचारा की, काकू."

"लगीन झाल्यापसून बघते मी, त्येंना पालथं झोपल्याबिगर डोळा लागायचा न्हाई. उताणं झोपलं की दम कोंडतो म्हनायचे. आमी हसायचो त्येंना. आन् हितं खिडकीतून रोज बघत व्हते, आठी दिवस उताणेच. मी हातानं खुणा केल्या, पालथे व्हा म्हनून, तर मान हलवून न्हाई म्हनले. त्येंना कुनी सांगितलंतं का तसं झोपायला?"

मी म्हणाले, "काकू, पिशवीत चष्मा आला का, तेवढं बघून घ्या."