हळू रडा

रविवार, १० फेब्रुवारी १९७४, लोणावळा.

चाळीतल्या मंडळींनो, माझी आई मंगळवारी गेली. आज कार्ल्याहून तिची धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी, भेटायला आली.

आपली चाळ पाडून बांधलेल्या या इमारतीचा जिना चढतानाच तिने हंबरडा फोडला. "आक्के, मला न सांगता कुटं गेलीस गं!" मला अजून रडू आलं नव्हतं. तिचं ऐकून ते येऊ लागलं.

तेवढ्यात वरच्या फ्लॅटचे मालक खाली आले. "वाईट झालं. पण आम्ही मुंबईहून दोनच दिवस विश्रांतीला येतो हो. बाईंना जरा हळू रडायला सांगा."

मावशी म्हणाली, "हळू कसं रडत्यात, भाऊ? तुमी दावा की."

भांडण नको म्हणून मी तिला आत घेतलं. आत तिने पदराने डोळे पुसले. माझंही रडू तिथेच थांबलं.

चाळीत कुणी गेलं की सगळे रेडिओ बंद व्हायचे. तुम्ही राहायला गेलात तिथे मोठ्याने रडता येतं का?

मावशी दुपारच्या एसटीने परत गेली. तिने आणलेली पिठलं-भाकरी मी दार लावून एकट्याने खाल्ली.