हळदीचा हात

आज मसाला कांडून दाराला टेकले, तर दारावर माझ्या हाताचा पिवळा ठसा उमटला. मी किती तरी वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

मसाल्याची कापडी पिशवी भरून झाली की तिच्यावर हळदीचा हात उठवायचा, ही सासूबाईंची रीत. बायका तो हात बघूनच मसाला घ्यायच्या आणि पिशवी रिकामी झाली की धुऊन परत भरायला आणायच्या. आमचा माल विकणाऱ्या दुकानदाराने तोच हात स्वतःची खूण म्हणून सरकारात नोंदवला. वर मला म्हणाला, "वहिनी, आता हात उठवायचा नाही हं. तो आमचा झाला."

नणंदेने मला वकीलबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "मावशी, तुम्ही आधीपासून वापरताय ना? मग अजून लढता येईल. फक्त ठसा असलेल्या जुन्या पिशव्या आणा."

मी घरोघर फिरले. बायकांनी हौसेने पिशव्या काढून दिल्या. सगळ्या पांढऱ्याशुभ्र.

"अगं, तुझ्याकडे मळकी पिशवी कशी आणणार?" शेजारच्या काकू म्हणाल्या.

वकीलबाईंनी एकेक पिशवी उजेडात धरली, मग घडी घालून माझ्या हातात दिली.

आपला हात आपल्याच अंगाला असतो, तो कुठे जाणार, असं मला वाटायचं.

फडकं ओलं करून मी दारावरचा ठसा पुसला. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, त्या दुकानदाराची खूण हिच्या दारावर कशी?