फुलाचा शेक

कुंभारवाड्याच्या आसपास कुणालाही शेक द्यायचा तर तो फुलानंच. बाळंतीण असो, नाहीतर उसण भरलेला म्हातारा, ती एरंडाची पानं तव्यावर गरम करून पोटरीला नि पाठीला लावायची. तिचा नियम एकच. शेक किती, ते आजाऱ्याच्या तोंडानं ठरतं. "भाजतंय का?" विचारायचं आणि तो "पुरे" म्हणाला की हात उचलायचा. तीस वर्षांत तिनं कुणाच्या अंगावर फोड आणला नव्हता. याचा तिला ताठा होता, आणि असायलाच हवा होता.

नवरा नागू जंगलखात्याच्या कामावर. ओंडके उचलून कंबर धरली, तेव्हा दांडेलीच्या डॉक्टरनं शेकाचा तांबडा दिवा सांगितला. दीड हात लांब ठेवायचा, दहा मिनिटं, घड्याळ बघून. गोव्यात कामाला असलेल्या लेकीनं, सुनयनानं, दिवा पाठवला. आठवड्यात कंबर मोकळी झाली. घड्याळाचं मात्र फुलाला हसू यायचं. माणसाला तोंड दिलंय की देवानं.

थंडीत नागूच्या उजव्या पायाला मुंग्या येऊ लागल्या. साखरेच्या गोळ्या त्याला चालू होत्या, पण रक्तातल्या साखरेचं पायाशी काय नातं, हे कुणी विचारलंच नाही. फुलानं दिवा पायाकडे वळवला.

"भाजतंय का?"

"न्हाई. जवळ आण."

तिनं वीतभर जवळ आणला. तिसऱ्या दिवशी चार बोटांवर.

"आता?"

"बरं हाय. ऱ्हाऊ दे."

त्या संध्याकाळी दिवा अर्धा तास जळला. सकाळी पावलावर पापडाएवढा फोड आला होता, आणि नागू तसाच चालत चुलीपाशी चहाला येऊन बसला. फुलानं चार दिवस नुसतं हळद नि खोबरेल लावलं. ताठा माणसाला आंधळं करतो, दुसरं काय. वास सुटला तेव्हा कुठे त्यांनी बस धरली. आधी बोटं गेली, मग गुडघ्याखालचा पाय.

"यांच्या पायाला जाणीवच नाही," इस्पितळातला डॉक्टर म्हणाला. "असल्या पायाला शेक द्यायचाच नसतो." तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "कळत न्हवतं, तर सांगायचं न्हाई व्हय?"

"वरीस झालं कळत न्हवतं. कामावरनं काढतील म्हणून बोललो न्हाई. मग तू दिवा लावलास. वाटायचं, आणखी जवळ आणला तर लागंल. एकदा तरी लागंल."

फुलानं त्याचा उरलेला पाय मांडीवर ओढला आणि अंगठ्याच्या मुळाशी नख रुतवलं, रक्त येईतोवर. नागू तिच्या तोंडाकडे बघत होता.

"फुला," तो म्हणाला, "कायतरी बोल की."