हिल्डा क्रॅबट्रीचं निळं फूल

हिल्डा क्रॅबट्रीनं पक्ष बदलला ही बातमी आमच्या हॉकशॉ ब्रिज गावात सगळ्यांत आधी मला कळली आणि मी ती कुणालाही सांगितली नाही. म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत.

डिसेंबरातल्या मतदानाच्या आदल्या दिवशी ती माझ्या केशकर्तनालयात आली. गावातल्या तीन पिढ्यांची डोकी मी भादरली आहेत, पण हिल्डा काही केस कापायला आली नव्हती. पर्समधून तिनं निळं कापडी फूल काढलं, उमेदवाराची माणसं आपापल्या पक्षाच्या रंगाचं छातीवर लावतात ते.

"जरा लावून बघ ना कोटाला. माझ्या हातानं पिन टोचते."

पंचेचाळीस वर्षं लाल फूल तिनं अंधारातसुद्धा बिनचूक लावलं होतं. मी ते लावून दिलं. आरशात बघत ती गेलेल्या नवऱ्याबद्दल म्हणाली, "अल्बर्ट असता तर घराबाहेर काढलं असतं मला."

"अल्बर्टनं युरोपातून बाहेर पडायलाच मत दिलं असतं की."

"दिलं असतं. आणि दुसऱ्या दिवशी लाल फूल लावून गेला असता. पुरुषांना जमतं असलं." मग एकदम हळू आवाजात तिनं विचारलं, "सिरिल येणार आहे का उद्या?"

खरी गोष्ट ही होती. सरकार कुणाचं यायचं ते येवो, हिल्डाचा जीव अडकला होता आमचं मतदान जिथं होतं त्या मेथडिस्ट चॅपलच्या, म्हणजे छोट्या चर्चच्या, दारातल्या दोन खुर्च्यांत.

त्या खुर्च्या १९७४ पासूनच्या. उजवीकडची लाल पक्षाची, तिच्यावर पन्हळ गळते. डावीकडची निळ्यांची, कोरडी, तिथं सिरिल थ्वेट, खिळे-बिजागऱ्यांच्या दुकानाचा मालक. मत देऊन येणाऱ्याला दोघं मतदार यादीतला नंबर विचारणार, वहीत टिपणार आणि तासातासाला त्याची नक्कल चिठ्ठीवर उतरवून, ती फाडून आपापल्या पक्षाच्या माणसाकडे देणार, म्हणजे कोण अजून घरात बसलंय ते पक्षाच्या कचेरीला कळतं आणि त्यांना आणायला माणूस धाडता येतो. एकजण मुतारीला गेला की दुसरा दोघांचे नंबर लिहिणार, आणि त्यात कधी एका आकड्याचीही लबाडी नाही. चहा हिल्डाचा, पोर्क पाई, म्हणजे डुकराच्या मांसाची भलीमोठी कचोरी, सिरिलची. गेल्या निवडणुकीत इथं ज्याचा उमेदवार हरला त्याला पाईचा मोठा तुकडा, हा त्यांचा कायदा. आमचं गाव जन्माचं लाल, त्यामुळे सिरिल बराच गुटगुटीत झाला होता.

मग आलं ते युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं याचं सार्वमत. हिल्डानं बाहेर पडायला मत दिलं, सिरिलनं राहायला. म्हणजे दोघंही आपापल्या पक्षातल्या बहुतेकांच्या उलट. चॅपलच्या जुन्या वस्तूंच्या विक्रीत, चहाच्या किटल्यांसमोर, सिरिल म्हणाला, "तुझ्यासारख्यांनी माझ्या नातवंडांचं वाटोळं केलं." त्याची मुलगी बेल्जियममध्ये असते. हिल्डा म्हणाली, "मग जा की मुलीकडे राहायला. इथं कोण अडवतंय?" बायको गेलेल्या माणसाला असं बोलू नये, हे तिला घरी पोचायच्या आत कळलं. पण माफी मागायला शब्द मिळाला नाही. पुढच्या निवडणुकीत दोन खुर्च्यांमध्ये छत्री मावेल एवढं अंतर पडलं. दोन थर्मास आले. सिरिलनं अख्खी पाई एकट्यानं, पाठ फिरवून खाल्ली.

तर, सिरिल येणार होता का? येणार होता. उन्हाळ्यातच त्यानं निळ्यांना रामराम ठोकून युरोपात राहू म्हणणाऱ्या पिवळ्या पक्षाचं फूल घेतलं होतं, तेही मला ठाऊक होतं. मी हिल्डाला एवढंच म्हणालो, "येईल बहुतेक."

या वयात मला दुसरी करमणूक नाही. दुसऱ्या दिवशी मी खिडकीशी खुर्ची ओढून बसलो. अरुंद रस्त्यापलीकडेच चॅपल, तिथं बोललेलं सगळं ऐकू येतं.

सकाळी सातला हिल्डा निळं फूल लावून डावीकडच्या कोरड्या खुर्चीत बसली. पाच मिनिटांनी सिरिल आला, छातीवर पिवळं फूल. आपल्या खुर्चीकडे बघितलं, मग हिल्डाकडे, मग फुलाकडे.

"ती माझी खुर्ची आहे," तो म्हणाला.

"निळ्यांची आहे."

सिरिल मुकाट्यानं गळक्या पन्हळीखाली बसला. साडेतीन वर्षांतलं एवढंच काय ते त्यांचं संभाषण. पाऊस मात्र जोरात होता.

नऊ वाजता लाल पक्षाची मॉरीन आली, टोपी डोळ्यांवर ओढलेली, हात पुढे. "मावशी, चिठ्ठी." हिल्डानं फाडून दिली. मागोमाग निळ्यांचा पिकर्सगिल सायकलवरून आला. पाय जमिनीवर टेकायचेसुद्धा त्याला कष्ट. सिरिलनं चिठ्ठी पुढे केली, त्यानं खिशात घातली आणि गेला. दहाला तेच. अकराला तेच. मी खिडकीत तोंडात रुमाल कोंबून बसलो होतो. सुंभ जळतो, पीळ काही जात नाही. त्या दिवशी कळलं की पीळ बहुतेक मनगटात असतो.

एक वाजता पिवळ्यांची उमेदवार स्वतः धावत आली. नवखी, भिजलेली, रडवेली. रस्त्याच्या या टोकापर्यंत ऐकू येत होतं.

"मिस्टर थ्वेट, सकाळपासून एक चिठ्ठी नाही आमच्याकडे. मिसेस ऑलरॉइडचं दार मी तीनदा ठोठावलं. त्या म्हणाल्या, सातलाच मत दिलं, आता चौथ्यांदा आलीस तर कुत्रं सोडीन."

सिरिलनं वही उघडली. चिठ्ठ्यांच्या जागी नुसत्या फाटलेल्या कडा. हिल्डाला हसू फुटलं, अगदी खांदे गदगदेपर्यंत. मग तिनं आपली वही बघितली आणि हसू थांबलं.

"माझ्या चिठ्ठ्या कुणी नेल्या?"

"मॉरीननं," सिरिल म्हणाला. "प्रत्येक वेळी. बघत होतो मी."

"मग बोलला का नाहीस?"

"आपण बोलत नाही ना. आणि माझ्या?"

"पिकर्सगिलनं. मीही बघत होते."

उमेदवारीणबाई या म्हाताऱ्यांकडे आळीपाळीनं बघत राहिल्या. हिल्डानं आपल्या नोंदी तिच्यासाठी उतरवून काढायला घेतल्या. पावसानं सिरिलच्या आकड्यांचा चिखल झाला होता. उमेदवारीणबाई गेल्यावर हिल्डा वहीतच बघत म्हणाली, "बेल्जियमचं ते मी बोलायला नको होतं."

"नातवंडांचं मीही."

"खुर्ची इकडे ओढ. भिजलास तर न्यूमोनिया होईल, आणि पुढच्या वेळी मला कुणीतरी तरुण मुलगा शेजारी देतील, फोनमध्ये तोंड घातलेला."

त्यानं खुर्ची ओढली, डब्यातून पाई काढली, खिशातला चाकू उघडला आणि अडला.

"गेल्या वेळी हरलं कोण?"

"निळे. म्हणजे आता मी."

"तेव्हा तू लाल होतीस. तू जिंकलीस."

"आणि तू निळा होतास, म्हणजे हरलास. पण आता पिवळा."

"पिवळ्यांची तर अनामत जप्त झाली होती. माझ्याइतकं कुणी हरलेलंच नाही या गावात."

चाकू पाईवर तसाच. एवढ्यात मॉरीन परत आली, या वेळी टोपी मागे सारून. निळं फूल तिला दिसलं. पुढे केलेला हात तिनं मागे घेतला.

"मावशी, आमचं कुणीच नाही इथं आज," ती म्हणाली.

हिल्डानं फुलाकडे बघितलं, वहीकडे बघितलं. मग चिठ्ठी फाडून तिच्या हातात कोंबली. "जा. आणि ते नंबर चौदाचे म्हातारे बाबा अजून आलेले नाहीत. गाडी पाठवा, चालवत आणू नका."

मॉरीन गेल्यावर हिल्डा बराच वेळ पर्समध्ये काहीतरी शोधत राहिली. रुमाल असावा.

सिरिलनं पाई कापली आणि मोठा तुकडा तिच्यापुढे धरला.

"घे. तू आज कुणीही जिंकलं तरी हरणार आहेस."

तिनं घेतला. पाईतल्या मांसाच्या कडेची, थिजलेल्या रश्शाची जेली त्याला आवडत नाही, तिला आवडते. त्यानं आपल्या तुकड्यातली जेली चाकूच्या टोकानं काढून तिच्या थर्मासच्या झाकणात ठेवली, जशी तो चाळीस-बेचाळीस वर्षं ठेवत आला होता.