बाबांची खुंटी

बारा वर्षांपूर्वी अनसिंगच्या नव्या घरात येऊन नऊ दिवस झाले होते. घरात बाबा, बायको आणि मी. आज रंगाऱ्याने त्या घराची एक भिंत खरवडली आणि ओल्या पुट्टीच्या वासाने तेव्हाची एक सकाळ समोर आली.

त्या सकाळी बाबांनी सदरा टांगायला याच भिंतीत खुंटी ठोकली आणि आतला पाण्याचा पाइप फुटला. ते दोन्ही तळव्यांनी भोक दाबून उभे होते. बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या.

"काय करून राह्यले तुमी, बाबा? नवी भिंत हाय!" मी ओरडलो.

"मंग सदरा कुठी टांगू? साऱ्या घरात एक खुंटी नाही."

"मामाजी, कॉक बंद केला, सोडा आता हात," बायको सासऱ्यांना म्हणाली. तरी त्यांनी हात काढले नाहीत.

घर बांधताना बावीस प्लग पॉइंट मी स्वतः भिंतींवर खडूने आखले होते. खुंटी एकही सुचली नव्हती. पुढे बाबा गेले तोवर त्यांचा सदरा खुर्चीच्या पाठीवरच असायचा.

त्या दिवशी प्लंबरला साडेतीनशे रुपये दिले. ते बाबांनी बंडीच्या खिशातून काढले होते. मी मोजून घेतले, आणि तेव्हा मला ते रास्त वाटलं.