म्हशीची मान, माझी पोटरी

साल दोन हजार अकरा, माझं वय अडुसष्ट. पोटरीवर इसब उठला होता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, कोमट पाण्यानं अंघोळ करा, अंग ओलसर असतानाच मलम लावा, घासू नका. मी कुठला ऐकतोय! कढत पाणी ओतायचं नि वजरीनं पोटरी खरडायची. घटकाभर बरं वाटे, मग दिवसभर नुसती आग.

एका संध्याकाळी आमची म्हैस गोठ्याच्या खांबाला मान घासत होती. कातडं सोललं तरी थांबेना. बायकोनं मानेवर पाणी मारलं, हलक्या हातानं तेल लावलं. म्हैस डोळे मिटून उभी राहिली. एवढी शिंगं असून तिला त्यात कमीपणा वाटला नाही. खाज मीही सोसत आलो, पण कुणाचा हात सोसायची ताकद माझ्यात नव्हती.

"बघा, तिला कळतं," बायको म्हणाली.

"मला म्हशीच्या ओळीत बसवतेस?"

"छे हो! ती शहाणी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी वजरी उकिरड्यावर फेकली, कोमट पाण्यानं अंघोळ केली, मलमाची डबी बायकोच्या हातात दिली आणि ओला पाय पुढं केला.